कंपासचे दोन पाय आणि एक आत्मा

२०२३च्या जुलैमध्ये अणुबॉम्बच्या जनकावरचा, रॉबर्ट ओपेनहायमरवरचा, चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे वाद पेटला तो गीतेवरून. त्या माणसाच्या डोक्यात आणखी एक कवी घर करून होता, त्याच्याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली, तिचं सांकेतिक नाव होतं ‘ट्रिनिटी’. हे नाव का ठेवलं, असं १९६२ मध्ये अणुबॉम्ब प्रकल्पाचे लष्करी प्रमुख राहिलेले जनरल ग्रोव्ह्ज यांनी विचारलं, तेव्हा ओपेनहायमर यांनी उत्तरात सतराव्या शतकातल्या एका इंग्रज कवीच्या ओळी लिहून पाठवल्या. कवी जॉन डन. ओळींचा आशय असा: सपाट नकाशावर पश्चिम आणि पूर्व एकच असतात, मीही एक सपाट नकाशाच आहे, म्हणून माझं मरण माझ्या पुनरुत्थानाला टेकलेलं आहे.

नकाशाचा मरणाशी काय संबंध? इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या कोणालाही विचारून पाहा. त्यांना डन आठवतो तो एक पिसू, एक कंपास आणि ‘मेटॅफिजिकल कवितेची वैशिष्ट्ये लिहा’ एवढ्यापुरता. एखादा शहाणा माणूस बायकोचा निरोप घेताना भूमितीच्या पेटीतली वस्तू का काढेल, हे गाइडात नसतं.

ते इथे जरा सावकाश पाहू.

नावच मुळात टोमणा होता

‘मेटॅफिजिक्स’ म्हणजे तत्त्वमीमांसा. डोळ्यांना दिसतं त्याच्या मागे काय आहे, आत्मा म्हणजे काय, काळ म्हणजे काय, असले प्रश्न. हा शब्द डनच्या कवितेला पहिल्यांदा ठळकपणे चिकटवला तो कवी-समीक्षक जॉन ड्रायडनने, १६९३ मध्ये, आणि तोही तक्रारीच्या सुरात. प्रेमकवितेत बायकांची मनं गुंतवायची सोडून हा गृहस्थ तत्त्वज्ञानाचा कीस काढून त्यांची डोकी भंडावतो, असं त्याचं म्हणणं. १७७९ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सनने हेच नाव अख्ख्या गटाला दिलं आणि वर लिहिलं की या लोकांच्या कवितेत एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या कल्पना जबरदस्तीने एका जुवाला जुंपलेल्या असतात.

खरं तर गट वगैरे काही नव्हता. डन (१५७२–१६३१) लंडनचा, जॉर्ज हर्बर्ट (१५९३–१६३३) खेड्यातला पाद्री, अँड्र्यू मार्व्हेल (१६२१–१६७८) हल शहराचा खासदार, हेन्री व्हॉन (१६२१–१६९५) वेल्समधला डॉक्टर. यांनी मिळून कधी जाहीरनामा काढला नाही. आपल्याला कोणी मेटॅफिजिकल म्हणतंय, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

‘कन्सीट’ म्हणजे घमेंड नव्हे

शब्दकोशात ‘कन्सीट’चा अर्थ घमेंड असा सापडतो आणि विद्यार्थी तिथेच अडखळतात. कवितेतल्या कन्सीटचं नातं ‘कन्सेप्ट’शी आहे. दोन दूरदूरच्या गोष्टींमध्ये साम्य दाखवायचं आणि ते साम्य ओळीपुरतं न ठेवता अगदी तपशिलापर्यंत ताणून न्यायचं, म्हणजे कन्सीट. लांब पल्ल्याचं रूपक म्हणा हवं तर.

ओपेनहायमरचा नकाशाच घ्या. कवी आजारी आहे, बिछान्यावर सपाट पडलाय. टेबलावर पसरलेल्या नकाशावर भूगोलाचे जाणकार वाकतात तसे डॉक्टर त्याच्यावर वाकलेत. आता शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. डाव्या कडेला अलास्का, उजव्या कडेला सायबेरियाचं टोक, मध्ये अख्खं जग. तोच कागद चेंडूवर चिकटवला की दोन्ही कडा एकमेकींना भिडतात. पश्चिम ही सूर्यास्ताची दिशा, म्हणजे मरणाची. पूर्व ही उगवतीची, म्हणजे पुन्हा उठण्याची. कागद सपाट आहे तोवर त्या लांब दिसतात, एवढंच. अमेरिका आणि आशिया यांच्यामधली सामुद्रधुनी, जी तेव्हा कोणी युरोपियन माणसाने धड पाहिलीही नव्हती, तीसुद्धा याच कवितेत ‘अनियन’ या नावाने येते.

यात ‘मरण नकाशासारखं सुंदर’ असा प्रकार कुठेच नाही. नकाशा इथे पुराव्याला आलाय.

मेटॅफिजिकल कवितेची किल्ली मला इथे सापडते. त्याआधीच्या प्रेमकवींनी इटलीच्या पेट्रार्क या कवीकडून एक दागिन्यांची पेटीच उसनी घेतली होती. डोळे म्हणजे सूर्य, ओठ म्हणजे पोवळं, उसासे म्हणजे वादळ, आसवं म्हणजे पूर. ही प्रतिमा अंगावर घालायची. डनची प्रतिमा कोर्टात उभी राहते. तरुणपणी तो लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायदा शिकला होता, आणि वकील जसा साक्षीदार बोलावतो, उलटसुलट विचारतो आणि त्याच्याकडून हवं ते वदवून घेतो, तसा तो पिसूला, नकाशाला, कंपासला पिंजऱ्यात उभं करतो.

निरोपाची कविता, जराशी सावकाश

डनच्या आयुष्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. तो सर थॉमस एगर्टन या बड्या सरकारी अधिकाऱ्याचा सचिव होता. एगर्टनच्या पत्नीची भाची ॲन मोर ही त्याच घरात राहायची. डिसेंबर १६०१ मध्ये दोघांनी चोरून लग्न केलं. ती सतरा वर्षांची, तो तिशीला टेकलेला. सासऱ्याने गहजब केला. डनची नोकरी गेली आणि काही काळ तुरुंगात काढावा लागला. तेव्हा त्याने लिहिलं म्हणतात: जॉन डन, ॲन डन, अन-डन. शेवटच्या शब्दाचा अर्थ ‘बरबाद’. पुढची कित्येक वर्षं ओढाताणीत, नातलगांच्या आणि आश्रयदात्यांच्या मेहरबानीवर गेली.

१६११ मध्ये सर रॉबर्ट ड्र्युरी या धनिकासोबत डनला फ्रान्सला जावं लागलं. ॲन गरोदर होती आणि तिला तो जायला नको होता. चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो की ‘अ व्हॅलिडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग’ ही कविता निघताना तिच्या हाती दिलेली. शीर्षकाचा साधा अर्थ, शोक करू नकोस असं सांगणारा निरोप.

सुरुवात चक्क मृत्यूपासून. सज्जन माणसं इतकी शांतपणे जातात की उशाशी बसलेल्यांपैकी एक म्हणतो श्वास गेला, दुसरा म्हणतो नाही अजून. आपणही असेच वितळून वेगळे होऊ, आवाज न करता. आसवांचे पूर नकोत, उसाशांची वादळं नकोत (पेट्रार्कची पेटी इथे खिडकीबाहेर भिरकावली जाते). आपलं प्रेम चारचौघांत सांगितलं तर ते बाटेल.

मग खगोलशास्त्र. जुन्या विश्वचित्रात पृथ्वी मध्यभागी आणि तिच्याभोवती पारदर्शक गोलांचे थर. चंद्राच्या कक्षेखालचं सगळं बदलणारं, सडणारं; वरचं सगळं कायमचं. धरणीकंप झाला की माणसं घाबरून नुकसान मोजतात. वरचे आकाशगोल त्यापेक्षा कितीतरी मोठे हेलकावे खातात, पण त्याने कोणाच्या घराचं कौलही हलत नाही. ‘चंद्राखालचे’ प्रेमिक दूर गेले की त्यांचं प्रेम संपतं, कारण ते डोळे, ओठ, हात यांच्यावरच उभं असतं. आपलं तसं नाही, असा दावा.

दावा केला की सिद्ध करणं आलं. आपले दोन आत्मे मुळात एकच आहेत, त्यामुळे मी गेलो तरी त्यात फट पडत नाही, तो पसरतो. सोनं ठोकून ठोकून हवेइतकं पातळ करतात तसा. मिठाईवरचा वर्ख पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. चिमूटभर धातू केवढी जागा झाकतो, आणि मधे कुठे तुटत नाही.

इथे ती विचारू शकते की एकच कसे, आपण तर दोन आहोत. ठीक आहे, तो म्हणतो, दोन तर दोन, पण कंपासच्या दोन पायांसारखे. (दिशा दाखवतं ते होकायंत्र नव्हे, पेन्सिल अडकवून वर्तुळ काढायचा तो कंपास.) तू मध्यावर रोवलेला पाय. तू हलत नाहीस असं वाटतं, पण दुसरा लांब जातो तशी तू त्याच्याकडे झुकतेस, कान देतेस. तो घरी येतो तेव्हा ताठ उभी राहतेस. तुझ्या ठामपणामुळे माझं वर्तुळ पुरं होतं आणि मी निघालो तिथेच येऊन थांबतो.

हातात कंपास धरून पाहिलंत तर एक खोट सापडेल. वर्तुळ काढताना फिरता पाय मधल्या पायापाशी येतच नाही, आणि पाय मिटवून ‘घरी’ आणला तर वर्तुळ होत नाही. डनने दोन वेगळ्या हालचाली एकीत दडपल्यात. मला ही लबाडी आवडते. बारा ओळी इतका काटेकोर हिशेब मांडणारा माणूस नेमका परत येण्याच्या क्षणी घाई करतो. आणखी एक गंमत म्हणजे किमयागारांच्या लिपीत सोन्याची खूण वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर एक बिंदू अशी होती. वर्ख संपून कंपास सुरू होतो तिथे वाटतं की विषय बदलला, पण कंपास कागदावर काढतो ते चिन्ह सोन्याचंच.

हा आत्मा आपल्या ओळखीचा नाही

मराठी वाचकाची गल्लत होते ती इथे. ‘सोल’ला आपण आत्मा म्हणतो आणि मनात लगेच जुनी वस्त्रं टाकून नवी घेणारा गीतेतला देही उभा राहतो. डनचा आत्मा कपडे बदलत नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे एका शरीराला एक आत्मा, आणि अंतिम न्यायाच्या दिवशी तेच शरीर, कुठे कुठे विखुरलेलं असलं तरी, गोळा होऊन त्याला परत मिळणार. त्यामुळे शरीर टाकाऊ नसतं. विरह झाला तरी तो तात्पुरता.

त्यात ॲरिस्टॉटलची भर. त्याच्या मते आत्म्याचे तीन मजले. वनस्पतीला फक्त वाढण्याचा, प्राण्याला त्याबरोबर संवेदनेचा, माणसाला वर विचाराचा. मार्व्हेल एका कवितेत ‘व्हेजिटेबल लव्ह’ म्हणतो तेव्हा भाजी डोळ्यांसमोर आणू नका. नुसतं वाढत राहणारं, साम्राज्यांहून विस्तीर्ण आणि त्यांच्याहूनही संथ असं प्रेम, हा त्याचा अर्थ.

आत्मा आणि शरीर यांना जोडतं काय? त्या काळचं वैद्यक सांगे की रक्तातून एक अतिसूक्ष्म वाफ तयार होते, तिला ‘स्पिरिट्स’ म्हणत. ती धड शरीर नाही, धड आत्मा नाही. माणूस बनवणारी ती नाजूक गाठ बांधायला अशीच बोटं लागतात, असं डन ‘द एक्स्टसी’ या कवितेत म्हणतो.

ही कविता विलक्षण आहे. नदीकाठी दोघे हातात हात घालून, डोळ्यांत डोळे घालून दिवसभर थडग्यावरच्या पुतळ्यांसारखे पडून आहेत. एक्स्टसीचा मूळ ग्रीक अर्थच ‘बाहेर उभं राहणं’. दोन्ही आत्मे देहाबाहेर आलेत आणि दोन तुल्यबळ सैन्यांच्या दूतांसारखे मधल्या जागेत वाटाघाटी करताहेत. रोप दुसऱ्या जागी लावलं की ताकदीने फोफावतं, तसा दोन आत्म्यांतून एक जास्त बळकट आत्मा तयार होतो. आता थांबावं की नाही? पण नाही. आत्मेच विचारतात, अरे, मग शरीरांना का विसरलो? ती आमचा मळ नाहीत, ती हीण आहेत.

सोनाराकडे बसलेल्यांना हे लगेच कळेल. चोख सोन्याचा दागिना टिकत नाही, थोडं हीण घालावंच लागतं. शरीर म्हणजे ते हीण. पुढे तो म्हणतो, प्रेमाची गूढं वाढतात आत्म्यात, पण त्यांचं पुस्तक शरीर आहे. आत्मा खाली उतरला नाही तर एक मोठा राजपुत्र कैदेत पडून राहील.

म्हणजे शेवटी घोडं तिथेच पाणी पितं?

ही शंका रास्त आहे. एवढं आत्म्याचं पुराण लावून बोवा शेवटी शय्येवरच येणार का? ‘द फ्ली’ या कवितेत तर आडपडदाच नाही. एक पिसू आधी त्याला चावली, मग तिला. दोघांचं रक्त तिच्या पोटात एक झालं (समागमात रक्तच मिसळतं, असा तेव्हाचा समज). यात तुझी अब्रू गेली का? नाही ना? मग माझं ऐकायला काय हरकत आहे? ही पिसू म्हणजे आपली विवाहशय्या, आपलं मंदिर. तिला मारलंस तर तीन खून पडतील. तिसऱ्या कडव्याच्या आधीच्या कोऱ्या जागेत ती पिसू चिरडते. नख लाल होतं. वकीलसाहेब मुळीच गडबडत नाहीत, हरलेल्या मुद्द्यावरूनच पुन्हा युक्तिवाद सुरू करतात.

तिला बोलू दिलेलं नाही, हा आक्षेप टिकणारा आहे. या कवितांमध्ये बाई जवळजवळ नेहमी ऐकणारी असते. पण ‘द फ्ली’मध्ये बडबड सगळी त्याची आणि काहीतरी करते ती फक्त ती, हे डनच्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही. तो स्वतःवरही हसतोय.

मार्व्हेलची ‘टू हिज कॉय मिस्ट्रेस’ तर जवळपास तर्कशास्त्राच्या सूत्रात बसते: जर वेळ असता, पण तो नाही, म्हणून. वेळ असता तर तू तिकडे हिंदुस्थानात गंगेकाठी माणकं वेचली असतीस आणि मी हंबर नदीवर रडगाणं गायलं असतं. हंबर म्हणजे त्याच्या हल गावची भरतीओहोटीची गढूळ नदी. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. लंडनच्या कवींच्या तोंडी गंगा, मसाले, माणकं त्या सुमारास घरच्यासारखी येऊ लागली होती. आपला देश त्या कवितांमध्ये आहे तो बहुधा ‘लांबचा खजिना’ म्हणूनच. डनही सूर्याला खडसावतो की मसाल्याचा आणि खाणींचा असे दोन्ही ‘इंडिया’ माझ्या बिछान्यात आहेत, बघ जाऊन.

देवाशीही तीच भाषा

१६१५ मध्ये डन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचा, पाद्री झाला आणि १६२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री. हे सोपं नव्हतं, कारण तो जन्माने कॅथलिक, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्ह्यासारखाच प्रकार. त्याचे दोन मामा जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू. भाऊ हेन्री एका कॅथलिक धर्मगुरूला आसरा दिल्यामुळे तुरुंगात गेला आणि १५९३ मध्ये तिथेच तापाने मेला. त्याच काळात इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक जेझुइट, थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्याला पोचला. डन अँग्लिकन झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातल्या राशोलला छापून झालं. एकाच छळातून दोन वाटा, आणि त्यातली एक आपल्या भाषेत येऊन पोचलेली.

डनची देवाशी बोलण्याची पद्धत प्रेयसीशी बोलण्याहून फार निराळी नाही. एका प्रसिद्ध सुनीतात (चौदा ओळींच्या कवितेत) तो ‘ट्रिनिटी’ला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रिविध ख्रिस्ती देवाला, म्हणतो, माझ्या हृदयावर धडका मार. (‘ट्रिनिटी’ नावाबद्दल ओपेनहायमरने याच ओळीचा उल्लेख केला.) मी शत्रूने बळकावलेलं शहर आहे, माझं लग्न तुझ्या वैऱ्याशी ठरलंय, मला सोडवून आण, तू मला कैद केल्याशिवाय मी मोकळा होणार नाही आणि तू माझ्यावर बळजबरी केल्याशिवाय मी पवित्र राहणार नाही. हे वाचताना आजही अंग चोरावंसं वाटतं.

हर्बर्टचा सूर अगदी वेगळा. ‘द पुली’ या कवितेत देव माणसावर सगळे आशीर्वाद ओततो: बळ, सौंदर्य, शहाणपण, मान, सुख. तळाशी एक उरतं आणि तो ते ठेवून देतो. इंग्रजीत ‘रेस्ट’ म्हणजे विसावाही आणि उरलंसुरलंही. विसावा दिला तर हा माझ्याकडे येणारच नाही, असा देवाचा हिशेब. कविताभर कप्पीचा उल्लेख नाही, ती फक्त शीर्षकात आहे. थकवा हाच दोर, आणि त्याने माणूस विहिरीतल्या कळशीसारखा वर ओढला जातो.

सगळं डोक्याने, मग काळजाचं काय?

ड्रायडन आणि जॉन्सन यांचा मूळ आक्षेप हाच, आणि त्याचा परिणाम मोठा झाला. जवळपास दोन शतकं हे कवी कोपऱ्यात पडून होते. १९२१ मध्ये प्रा. ग्रिअर्सन यांनी त्यांचा संग्रह काढला आणि त्यावर लिहिताना कवी टी. एस. एलियटने उलट बाजू मांडली: डनला विचार हाच अनुभव होता, तो विचार नुसता करत नव्हता, तो त्याला जाणवत होता. पुढे भावना आणि बुद्धी यांची फारकत झाली आणि आपल्याला ही फारकतच नैसर्गिक वाटू लागली, असं त्याचं म्हणणं. इतिहास म्हणून ते सगळ्यांना पटलेलं नाही. डनपुरतं मात्र मला पटतं, आणि त्याचं कारण त्याचं एक छोटं सुनीत.

ऑगस्ट १६१७ मध्ये ॲन गेली. वय तेहेतीस, बारावं बाळंतपण, मूल मृत जन्मलं. त्यानंतरच्या सुनीतात डन देवाला सांगतो की जिच्यावर प्रेम केलं तिने निसर्गाचं कर्ज फेडलं, आता माझं मन सगळं तुझ्याकडे. तिच्यावरच्या प्रेमानेच मला तुझ्याकडे आणलं, जसे ओढे मूळ झरा दाखवतात. इथवर पाद्र्याला शोभेल असंच बोलणं. मग अचानक तो म्हणतो: तू मला सापडलास, माझी तहानही भागवलीस, तरी एक पवित्र जलोदर मला विरघळवतोय. जलोदर हा वैद्यांच्या वहीतला शब्द. त्या रोगात अंग पाण्याने फुगतं आणि रोगी पाणी पाणी करत राहतो.